सत्तर किलोंचा पाहुणा

जनार्दन शिगवणला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याने माझ्या हाताच्या पाठीवर जिलबी वाढली होती.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका हॉलमध्ये गणपतीच्या महाप्रसादाची पंगत होती. माझे जेवण झाले होते, म्हणून मी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. अशा वेळी वाढपी हसतो आणि पुढच्या पानाकडे सरकतो. हा हसला, पण सरकला नाही. त्याने जिलबी हातावर ठेवली, पाक मनगटावरून बांगडीत शिरला, आणि तो म्हणाला, "बाई, हात काढा आता. जिलबीला जागा द्या."

मी वर पाहिले. पन्नाशीकडे झुकलेला, आडव्या बांध्याचा माणूस. कपाळावर घाम, खांद्यावर पंचा. चेहऱ्यावर मस्करीचा लवलेश नव्हता. हा माणूस मला खरोखरच उपाशी समजत होता.

"त्याला नको म्हणू नका," शेजारचे गृहस्थ खाली मान घालून पुटपुटले. "नको म्हटलं की दोन वाढतो."

पुढे कळले की जनार्दन आमच्याच वस्तीत, अल हैलला, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहतो. एका कंपनीचे तिथे गेस्टहाउस होते. जनार्दन त्याचा खानसामा, राखणदार आणि माळी होता. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. बायको मीराबाई गावी होती, आणि रोज संध्याकाळी फोनवरून इथल्या स्वयंपाकघरावर देखरेख ठेवायची. "आज काय केलंस? मीठ बघितलंस?" असे तिचे प्रश्न मी रस्त्यावरून जातानाही ऐकले आहेत, कारण जनार्दन फोन स्पीकरवर ठेवून कांदा चिरायचा.

वाढण्याबाबत त्याची मते पक्की होती. एकदा त्याने मला ती समजावून सांगितली. "पहिला नको असतो तो लाजेचा. दुसरा नको असतो तो वळणाचा, आईबापानं शिकवलेला. तिसऱ्या नकोला माणूस जरा विचार करतो."

"आणि चौथ्यांदा नको म्हणाला तर?"

"चौथ्यापर्यंत कुनी जात न्हाय, बाई. तोवर पानात पडलेला असतो."

मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. मस्कतच्या एका भारतीय शाळेत मी वीस-बावीस वर्षे फ्रेंच शिकवले. मुलांना त्याचा पुढे किती उपयोग झाला मला माहीत नाही. जनार्दनला मात्र झाला.

त्या वर्षी फेब्रुवारीत मस्कतला किनारी खेळांचा एक आंतरराष्ट्रीय मेळा भरला होता. वाळूतला व्हॉलीबॉल, वाळूतली कुस्ती, समुद्रातले पोहणे असे खेळ होते. समुद्रकिनारा असलेल्या देशांनी यावे अशी मूळ कल्पना होती. पण नावे कमी आली, म्हणून आयोजकांनी किनाऱ्याची आवड असलेल्या देशांनाही बोलावले. त्यात अँडोरा आला. अँडोरा हा फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधल्या डोंगरांत बसलेला देश आहे. लोकसंख्या साधारण आपल्या रत्नागिरी शहराएवढी. त्याला समुद्र नाही. बर्फ मात्र भरपूर आहे.

मोठ्या देशांची पथके मोठ्या हॉटेलांत उतरली. अँडोराचे पथक पाच जणांचे होते, त्यामुळे हॉटेलवाल्यांच्या हिशेबात ते कुठेच बसेना. शेवटी कुणीतरी कुणालातरी फोन केला आणि पाचही जण जनार्दनच्या गेस्टहाउसमध्ये आले. दुसऱ्याच सकाळी जनार्दन आमच्या दारात उभा.

"बाई, तुमच्या भाषेचे पाहुणे आलेत. येऊन जरा विचारा, त्यांना तिखट चालतं का."

मी गेले. पथकात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या दोन मुली होत्या, एक पोहणारी होती, आणि पेरे नावाचा पंचविशीतला पैलवान होता. त्यांचे व्यवस्थापक फेरान म्हणून साठीचे गृहस्थ होते. देशात ते पोस्टात काम करत. त्यांना आणि मला फ्रेंच येत होते, पेरेला त्याची स्वतःची भाषा आणि थोडे इंग्रजी. पेरे एरवी बर्फाच्या डोंगरावर लोकांना वर नेणाऱ्या पाळण्यांवर नोकरी करत होता. त्यांच्या गावात वाळू नसल्यामुळे त्याने वाळूतल्या कुस्तीचा सराव घोडे फिरवण्याच्या रिंगणात केला होता. "घोडे परत यायच्या आत आटपावं लागायचं," फेरान गंभीरपणे म्हणाले.

फेरान मला बाजूला घेऊन म्हणाले की या पाच जणांत जिंकण्याची थोडीफार आशा असलेला पेरे एकटाच आहे. आजवर तो तीन मोठ्या स्पर्धांना गेला आणि तिन्हींतून एकही कुस्ती न जिंकता परतला. यापुढे त्याला सुट्टी मिळणार नाही, कारण फेब्रुवारी हा त्यांच्याकडे बर्फाचा हंगाम. "सत्तर किलोंच्या गटात आहे. सात दिवसांनी सकाळी वजन होईल. सत्तरच्या वर एक ग्रॅमही चालत नाही. आज तो साडेएकोणसत्तर आहे. त्याला उकडलेलं चिकन आणि कच्च्या भाज्या द्या, एवढं तुमच्या त्या माणसाला सांगा."

मी जनार्दनला सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले.

"उकडलेलं? पोरगा आजारी हाय?"

"नाही रे. पैलवान आहे. वजन वाढता कामा नये."

"पैलवानाचं वजन वाढता कामा नये," जनार्दनने ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिले. मग माझ्या मनाला बरे वाटावे म्हणून मान डोलावली.

पुढचा आठवडा मी मुलाबरोबर ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाला होते. फेरान रोज संध्याकाळी व्यवस्थापकांच्या बैठकांना जात. तिथेच त्यांना सँडविच मिळे. त्यामुळे गेस्टहाउसच्या जेवणघरात काय चालले होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

झाले ते असे. जनार्दनने शब्द पाळला. तो रोज उकडलेले चिकन आणि कच्च्या भाज्या देत होता. त्याला वाटे ही कोशिंबीर आहे. ती संपली की तो जेवण वाढायचा. तळलेली सुरमई, भात, सोलकढी, घावणे, आणि एक दिवसाआड काहीतरी गोड. पेरेला लहानपणी आजीने शिकवले होते की दुसऱ्याच्या घरी ताटात शीत उरले तर घरच्या बाईचा अपमान होतो. म्हणून तो ताट पुसून घ्यायचा. जनार्दनला त्याच्या आजीने शिकवले होते की पाहुण्याचे ताट रिकामे दिसले तर घराचा अपमान होतो. म्हणून तो ते भरायचा. पेरे एकदा "नो" म्हणायचा. एकदाच म्हणायचा, कारण त्याच्या देशात एकदा पुरते. मग ताट भरलेले दिसले की त्याला आजी आठवायची. दोघेही आपापल्या आजीशी इमान राखून होते, आणि मध्ये सुरमई संपत होती.

मुलींवर हा प्रसंग आला नाही, कारण त्या हसत ताट उचलून आत नेऊन ठेवायच्या. पोहणारी मात्र सगळे खायची. तिला आडकाठी नव्हती. आपण आता जास्त चांगले तरंगतो असे ती म्हणत होती.

वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी सलालाहून परतले. फेरान आमच्या दारात घामाघूम उभे होते.

"मादाम, पेरेच्या चड्डीची नाडी पुरत नाही."

गेस्टहाउसमध्ये वजनकाटा नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मल्याळी भाईकडे पोती तोलायचा काटा होता. त्याने बासमतीचे पोते उतरवले आणि पेरेला चढवले. काटा स्थिरावला. सत्तरच्या वर जवळपास तीन किलो.

"चांगला माल आहे," भाई हिंदीत म्हणाला.

फेरान दुकानातल्या तेलाच्या डब्यावर बसले. पेरे काट्यावरून उतरेना, जणू थांबले तर आकडा खाली येईल. जनार्दन आधी आकडा पाहून खूश झाला होता. मग त्याने पेरेचा चेहरा पाहिला.

"काय झालं, बाई?"

मी सांगितले. उद्या सकाळी हेच वजन राहिले तर पेरेला वाळूत उतरू देणार नाहीत. कुस्ती न खेळताच तो परत जाईल.

जनार्दनने खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "म्हंजे माज्या हातचं खाऊन…" एवढेच म्हणाला. परदेशात वीस वर्षे लोकांना खाऊ घालणाऱ्या माणसाच्या तोंडचे ते अर्धे वाक्य मला अजून ऐकू येते.

फेरान तेवढ्यात सावरले. पेरेने असे वजन आधीही उतरवले होते. घाम काढायचा, जेवण बंद, पाण्याने फक्त ओठ ओले करायचे. "आणि घामासाठी याहून चांगला देश कुठला?" ते म्हणाले.

पण फेब्रुवारी होता. फेब्रुवारीत अल हैलच्या किनाऱ्यावर असा सुखाचा वारा असतो की माणसे चटया घेऊन येतात. पेरे अंगात दोन जाकिटे घालून तासभर धावला आणि गार होऊन परत आला. उन्हाने जगात नावाजलेल्या देशात आम्हाला घाम मिळेना. जनार्दनने कंपनीच्या पिकअपमध्ये पेरेला बसवून, काचा लावून, हीटर सुरू केला. तो हीटर गाडी घेतल्यापासून कुणी सुरू केला नव्हता. त्यातून थोडी वाळू उडाली, एक वाळकी पाल बाहेर पडली आणि मग थंड हवा येऊ लागली.

"हुसैनमियाँ!" जनार्दन एकदम ओरडला.

हुसैनमियाँ दाभोळचे. रुवीत त्यांची लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी आणि ओमानी लोकांचे पांढरे लांब डगले, ज्यांना दिशदाशा म्हणतात, त्यांच्याकडे इस्त्रीला येत. मागच्या खोलीत वाफेची यंत्रे होती. तिथे कामगार बनियनवर काम करायचे.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा चार वाजले होते. पेरेला चार चादरींत गुंडाळून दोन इस्त्रीयंत्रांच्या मध्ये स्टुलावर बसवले. दोन्ही बाजूंनी वाफ येऊ लागली. हुसैनमियाँनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"काय रं जनार्दन, आजवर कपडं आलं, गालिचं आलं, एकदा घोड्याचं खोगीर आलं. मानूस धुवाया पैल्यांदा आला."

"धुवायचा न्हाय. आटवायचा हाय."

"किती आटवायचा?"

"तीन किलो."

"मग चादरी कमी पडतील," हुसैनमियाँ म्हणाले आणि एका पंचतारांकित हॉटेलचा जाड पलंगपोस घेऊन आले.

अर्ध्या तासात पेरे शिजलेल्या बटाट्यासारखा दिसू लागला. घाम धारेने वाहत होता, हे चांगलेच होते. पण खरी पंचाईत जनार्दनची झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर एक पाहुणा घसा सुकवून बसला होता आणि त्याने काही द्यायचे नव्हते. दहा मिनिटांत तो बाहेर जाऊन लिंबूसरबत घेऊन आला. फेराननी ते काढून घेतले. मग तो नारळपाणी घेऊन आला. ते मी काढून घेतले. मग तो रिकाम्या हाताने आला, तेव्हा आम्हाला जास्त संशय आला. खिशात संत्रे निघाले.

"बाई, फोड तोंडात धरून बसला असता. गिळायला थोडीच सांगत होतो?"

शेवटी फेराननी हात जोडून त्याला दाराबाहेर उभे केले. तो काचेतून आत बघत राहिला. बायकोचा फोन आला तेव्हा म्हणाला, "आता बोलू नकोस. मी पाहुण्याला उपाशी मारतोय."

तेवढ्यात लाँड्रीचे कागदोपत्री मालक आले. दुकान ज्यांच्या नावावर होते ते हारून नावाचे वृद्ध ओमानी गृहस्थ. हुसैनमियाँ त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. ते रोज तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन येत, तासभर बसत आणि जात. त्यांनी मागच्या खोलीत डोकावले आणि दारातच थांबले. चादरींतून एक लालबुंद गोरे तोंड बाहेर आले होते.

"मरीज़ है?" त्यांनी विचारले. जुन्या ओमानी माणसांना येते तशी चांगली हिंदी त्यांना येत होती.

"नाही अर्बाब, पैलवान आहे. पाहुणा," हुसैनमियाँ म्हणाले.

"मेहमान? मेरी दुकान में?" हारून यांचा आवाज चढला. "मेहमान पसीने में नहा रहा है और तुम चादर गिन रहे हो? पानी कहाँ है? खजूर दो!"

दाराबाहेर जनार्दनचा चेहरा उजळला. इतक्या वेळाने शहाणा माणूस भेटला होता.

मी पुढे होऊन हारूनना सगळा प्रकार सांगितला. उद्याचे वजन, सत्तर किलो, तीन हरलेल्या स्पर्धा, बर्फाचा देश. ते दाढीवर हात फिरवत ऐकत होते.

"कल सुबह के बाद खाएगा?"

"खाएगा."

"तो ठीक है. मगर फिंजान हाथ में लेगा. मेरे यहाँ से मेहमान खाली हाथ नहीं जाता."

फिंजान म्हणजे कहव्याचा बिनकानाचा छोटा पेला. त्यांनी त्यात जेमतेम तळ झाकेल एवढा कहवा ओतला आणि पेरेच्या हातात दिला. फेरान पुढे सरकले. पेरेने पेला दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि डोळे मिटले. मग हारूननी स्वतःचा रिकामा पेला उचलून मनगटाने दोनदा हलवून दाखवला. "ऐसे. मतलब, खलास. बस."

पेरेने भरलेला पेला हलवला. थोडा कहवा चादरीवर सांडला. हारून समाधानाने हसले, पेला त्याच्या हातून घेतला आणि उरलेला स्वतः पिऊन टाकला. पाहुणचार पुरा झाला होता आणि पेरेच्या पोटात काही गेले नव्हते.

जनार्दन केव्हाच आत आला होता. "साहेब," त्याने हारूनना विचारले, "हलवलं की संपलं? परत ओतत न्हाय?"

"नहीं."

"एकदाबी न्हाय?"

"हिलाया तो खलास."

जनार्दनने तो पेला उचलून उलटासुलटा करून पाहिला. मग मला हळूच म्हणाला, "हे बरं न्हाय, बाई. एखाद्याचं चुकून हललं तर?"

संध्याकाळी परतताना पेरे बासमतीच्या काट्यावर पुन्हा चढला. अगदी थोडे राहिले होते. ते रात्रीत झोपेत उतरेल, असे फेरान म्हणाले.

सकाळी मी गेस्टहाउसवर पोचले तेव्हा सगळे निघायच्या तयारीत होते. पेरेचे गाल बसले होते, पण चेहरा शांत होता. फेरान दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्या एवढ्या वेळात जनार्दन वाटी घेऊन पुढे आला, पेरेचा उजवा हात धरला आणि तळहातावर दही-साखर घातली. पेरे आता कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायच्या स्थितीत नव्हता. त्याने तळहात चाटला.

"जनार्दन!" मी किंचाळले.

"काय? ते खाणं थोडीच हाय, बाई? शकुन हाय तो. मीराबाईनं फोन करून सांगितलं, पोरगा परीक्षेला चाललाय, रिकाम्या हातानं धाडू नको."

माझे तोंड बंद झाले, कारण परीक्षेला निघालेल्या मुलांना मी स्वतः वीस वर्षे हेच करत आले होते.

वजनाचा तंबू किनाऱ्यावरच होता. पेरे यंत्रावर चढला. सत्तर किलो आणि पन्नास ग्रॅम. पंच एक उंच, कोरडे गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ दाखवले. वजनाची वेळ संपायला अजून अर्धा तास होता, तोवर पुन्हा येता येईल.

तंबूबाहेर दह्याचे वजन किती असेल यावर चर्चा झाली. फेरान म्हणाले चाळीस ग्रॅम. व्हॉलीबॉलच्या मुली म्हणाल्या साखर धरून साठ. जनार्दनने पेरेच्या अंगावर पथकातली मावतील तेवढी जाकिटे चढवली, एक उरले ते स्वतः घातले, आणि म्हणाला, "चल."

दोघे वाळूतून धावू लागले. पुढे तीन जाकिटांतला पेरे, मागे एका जाकिटातला जनार्दन, पाठीवर मोठ्या अक्षरांत अँडोरा. जनार्दनचे वजन उतरायचे काही कारण नव्हते. पण तो थांबेना. त्याच्या हातात बाटली नव्हती, डबा नव्हता, काहीच नव्हते, आणि तो मोकळे हात हवेत उडवत ओरडत होता, "यल्ला! यल्ला रे बाबा! पळ!" किनाऱ्यावर चटया टाकून बसलेली ओमानी कुटुंबे टाळ्या वाजवू लागली. कुणीतरी पेरेला पाण्याची बाटली पुढे केली, तर जनार्दनने ती मध्येच अडवली. "न्हाय! त्याला काय देऊ नका!" हे वाक्य जनार्दनच्या तोंडून ऐकल्याचे मी रुवीच्या मंडळींना नंतर सांगितले, तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

वेळ संपत आली तेव्हा पेरे यंत्रावर चढला. पंचांनी चष्मा पुसून आकडा पाहिला. एकोणसत्तर किलो आणि नऊशे ऐंशी ग्रॅम. त्यांनी मान डोलावली. पेरे यंत्रावरून उतरून थेट वाळूत आडवा झाला. जनार्दन त्याच्या शेजारी आधीच आडवा झालेला होता.

वजन झाल्यावर खायला हरकत नव्हती. जनार्दनने गाडीतून डबा आणला, पण उघडला नाही. तो फेरानांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. फेराननी मान हलवली, तेव्हा झाकण निघाले. पेरेने दोन घावणे आणि केळे खाल्ले आणि भरपूर पाणी प्यायला. तिसरे घावण जनार्दनच्या हातात अर्धवट वर आले होते, ते त्याने स्वतःच खाल्ले.

वाळूतली कुस्ती सोपी असते. दोरीचे एक गोल रिंगण असते. समोरच्याला बाहेर ढकलले की एक गुण, तीन गुण मिळवले की कुस्ती जिंकली. पेरेची पहिली कुस्ती मिनिटभरात संपली. तो हरला, पण गटात प्रत्येकाच्या तीन कुस्त्या होत्या. दुसरी एका रुंद खांद्यांच्या फौजी मुलाशी होती. पेरे एक गुण मागे पडला, मग त्याने एक घेतला, मग दुसरा. तिसऱ्या गुणासाठी दोघेही एकमेकांना कवटाळून रिंगणाच्या कडेला उभे राहिले, आणि बराच वेळ कुणीच हलेना. मग फौजी मुलाची टाच दोरीपलीकडे गेली. पेरे जिंकला होता. त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. फेरान डोळे पुसायला चष्मा शोधत होते आणि चष्मा डोळ्यांवरच होता. तिसरी कुस्ती पेरे हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. व्हॉलीबॉलच्या मुलीही हरल्या. पोहणारी शेवटून तिसरी आली. अँडोराला पदक मिळाले नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जनार्दनने सगळ्यांना जेवायला बसवले. मलाही बोलावले. उकडीचे मोदक होते, आत खोबऱ्याबरोबर इथला खजूर, वर तूप. पेरेने आपले मोदक संपवले, ताट पुसले. जनार्दन पातेले घेऊन त्याच्याकडे निघाला. तो दोन पावलांवर आला असताना पेरेने ताट उचलले आणि दोनदा हलवले.

जनार्दन थांबला. डावेतला मोदक तसाच हवेत राहिला. जनार्दनच्या तोंडावर काय काय येऊन गेले ते मला लिहिता येणार नाही. मग त्याने मोदक पातेल्यात परत ठेवला, अगदी अलगद, आणि झाकण लावले.

"नुको तर नुको," तो म्हणाला.

तो स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला असेल, तेव्हा मागून पेरे, त्याच्या नावाचे जमले तेवढेच उच्चारत, म्हणाला, "जाना, प्लीज. वन." आणि ताट पुढे धरले.

जनार्दन परत आला. एकच मोदक वाढला. दुसरा वाढण्यासाठी हात वळला होता, पण त्याने डाव पातेल्यातच धरून ठेवली आणि पेरे खाईपर्यंत तिथेच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मागून खातो तेव्हा हळू खातो, बाई. बघितलंत?"

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. कंपनीने ते गेस्टहाउस बंद केले. जनार्दन अल खौदला विद्यापीठाजवळच्या एका मेसमध्ये काम करतो. तिथे मुले आपापले वाढून घेतात. जनार्दन भाताच्या पातेल्यामागे हात पाठीशी धरून उभा असतो, आणि कुणी ताट पुढे केले तरच डाव उचलतो. शुक्रवारी त्याला सुट्टी असते. त्या दिवशी तो कपडे धुतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी गावी फोन करतो.